अस्वलाचं पिल्लू विमानात चढवायचं म्हणजे

अलास्कात मे महिना उजाडला की अस्वलिणी पिल्लं घेऊन गुहांतून बाहेर पडतात आणि राज्याच्या मत्स्य व शिकार खात्याचे फोन वाजू लागतात. झाडावर पिल्लू एकटंच बसलंय, आई कुठे दिसत नाही, घेऊन जा. यातल्या बऱ्याच फोनांमागे अनाथ पिल्लू नसतंच. काळी अस्वलीण पिल्लांना झाडावर चढवून खुशाल चरायला जाते आणि खाली माणसांची गर्दी दिसली तर आणखीच लांब राहते. म्हणून खात्याचं पहिलं सांगणं एकच असतं: लांब व्हा, हात लावू नका, खायला टाकू नका. आपल्याकडे जुन्नर-नाशिकच्या पट्ट्यात ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात तेव्हा वनखात्याची माणसंही हेच करतात. बछडे सापडले त्याच शेतात क्रेटमध्ये ठेवायचे, कॅमेरा लावायचा, आणि रात्री मादी येऊन एकेक उचलून नेते. हे साधलं तर ना पिंजरा लागतो, ना प्राणिसंग्रहालय, ना विमान.

आई खरंच मेलेली असेल तर गोष्ट वेगळी. कुठे ती गाडीखाली आलेली असते, कुठे कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली म्हणून घरमालकाने गोळी घातलेली असते. जीव किंवा मालमत्ता वाचवताना अस्वल मारायला अलास्काचा कायदा परवानगी देतो. कातडं आणि कवटी मात्र राज्याकडे जमा करावी लागते. मारलेल्या मादीच्या सडांत दूध दिसलं की आसपासची झाडं धुंडाळायची.

पिल्लू वाढवून पुन्हा जंगलात सोडत का नाहीत, असं वाचणाऱ्याला वाटेल. अमेरिकेतली इतर काही राज्यं काळ्या अस्वलांच्या बाबतीत तसं करतात. अलास्का करत नाही. तिथे तपकिरी अस्वलं सुमारे ३०,००० आणि काळी सुमारे १,००,००० आहेत. एका पिल्लाने त्या संख्येत काही फरक पडत नाही. उलट माणसाच्या हातून बाटली प्यायलेलं अस्वल मोठं झालं की कुणाच्या तरी अंगणात हजर होतं आणि तिथे गोळी खातं. मग उरतात दोन वाटा: एखाद्या संग्रहालयात जागा, नाहीतर मरणाची सुई. ऐकायला कठोर आहे, पण पुढची सगळी घाई कशासाठी असते ते यातूनच कळतं.

जागा हीच खरी अडचण. बंदिवासात अस्वल सहज तीस वर्षं जगतं आणि तपकिरी नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. म्हणजे मे महिन्यात चार-पाच किलोंच्या पिल्लाला हो म्हणणारं संग्रहालय तीस वर्षांचं खाणं, भिंती आणि माणसं कबूल करत असतं. अशी जागा सहसा कुठलं तरी म्हातारं अस्वल मेल्यावरच रिकामी होते. राज्यातल्या राज्यात सोय करणारी ठिकाणं मोजकी आहेत. अँकरेजचं अलास्का झू पिल्लं तात्पुरती सांभाळतं. सिट्का गावात एका बंद पडलेल्या लगदा गिरणीच्या सांडपाण्याच्या गोल टाक्यांत ‘फोर्ट्रेस ऑफ द बेअर’ उभं राहिलंय, तिथे अनाथ अस्वलं ठेवतात. या जागा भरल्या की दक्षिणेकडच्या इतर अमेरिकन राज्यांकडे फोन फिरवावे लागतात. इच्छुक संग्रहालयांची यादी आधीपासून तयार लागते. पिल्लू हाती आल्यावर यादी करायला बसलात तर उशीर झालेला असतो.

उशीर का महागात पडतो ते बघा. मे-जूनमध्ये पिल्लू पाच-सहा किलोंचं असतं. ते कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या मोठ्या प्लास्टिक पेटीत, जाळीने मजबूत करून, प्रवासी विमानाच्या पोटात जाऊ शकतं. ऑक्टोबरपर्यंत तपकिरी पिल्लू तीस किलोंच्या घरात पोचतं. त्याला प्लास्टिकची पेटी म्हणजे खेळणं. धातूचा पिंजरा लागतो. पिंजरा आला की उंची वाढते, आणि बोइंग ७३७ च्या होल्डचं, म्हणजे पोटातल्या मालाच्या कप्प्याचं, दार जेमतेम ८५ सेंटिमीटर उंच असतं. पिंजरा दारातून गेला नाही की मालवाहू विमान बघायचं, ते अँकरेजहून सुटणार, म्हणजे पिल्लू आधी अँकरेजला आणायचं. चार महिन्यांच्या उशिराने एक उड्डाण दोन-तीन उड्डाणांचं होऊन बसतं. पूर्वी अलास्का एअरलाइन्सची ‘कॉम्बी’ विमानं होती, पुढच्या अर्ध्या भागात माल, मागे ७२ प्रवासी. मुख्य डेकवर पिंजरा चढत असल्यामुळे आडगावांतून प्राणी हलवायला ती फार सोयीची. २०१७ च्या ऑक्टोबरात ती निवृत्त झाली. आता त्यांच्या जागी ७३७-७०० मालवाहू आहेत, पण त्यांच्या फेऱ्या मालाच्या हिशोबाने ठरतात, पिल्लाच्या नाही.

आता पेटीबद्दल जरा सविस्तर, कारण प्रवास बिघडतो तो इथूनच.

आकार असा हवा की पिल्लू चार पायांवर डोकं वर करून उभं राहील, वळेल आणि पसरून झोपेल. त्याहून मोठी पेटी म्हणजे दया नव्हे. विमान हादरलं की रिकाम्या जागेत पिल्लू आपटतं. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं म्हणून तेवढी उंची द्यायची गरज नाही; उलट वरचं झाकण ढकलायला त्याला जोर मिळतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम हवेच्या भोकांबद्दल अगदी नेमका आहे: समोरासमोरच्या दोन भिंतींवर प्रत्येकी किमान १६ टक्के क्षेत्रफळ, किंवा चारही भिंतींवर किमान ८ टक्के. त्यातला एक तृतीयांश भाग वरच्या अर्ध्यात आणि एक तृतीयांश खालच्या अर्ध्यात. शिवाय भिंतीबाहेर १.९ सेंटिमीटर पुढे आलेली पट्टी किंवा कड, म्हणजे शेजारी दुसरा खोका घट्ट चिकटवून ठेवला तरी भोकं बुजत नाहीत. ही पट्टी लोक हमखास विसरतात. पेटी वर्कशॉपमध्ये छान दिसते आणि होल्डमध्ये सॅमन माशांच्या खोक्यांच्या भिंतीला लागून बसते.

भोकांतून पिल्लाचा पंजा बाहेर आला नाही पाहिजे. अस्वलाची नखं मांजरासारखी आत जात नाहीत, कायम बाहेर असतात, आणि सामान चढवणारा माणूस पेटी धरायला बोटं नेमकी भोकातच घालतो. म्हणून बाहेरून दुसरी बारीक वेल्डमेश आणि उचलायला वेगळ्या दांड्या. दार वर सरकणारं, दोन अडसरांचं. प्लास्टिक पेटी वापरलीच तर तिच्या दाराच्या स्प्रिंगच्या कडीवर विसंबू नये. दोन अर्धुकं जोडणारे प्लास्टिकचे नट काढून धातूचे बोल्ट घालायचे आणि दाराचे चारही कोपरे तारेने किंवा केबल टायने बांधायचे. पिल्लू तासभर दार ढकलत बसतं, ते कंटाळत नाही.

तळ गळता कामा नये. विमान कंपन्या याबाबतीत काटेकोर असतात. त्याला कारण वासापेक्षा मूत्रातले क्षार. ते होल्डच्या फरशीखाली झिरपले की विमानाच्या सांगाड्याचं ॲल्युमिनियम गंजतं. खाली वेल्ड केलेला पत्र्याचा ट्रे, त्यावर जाळीची खोटी फरशी, आणि मध्ये लाकडाचा भुसा किंवा शोषणारे पॅड. पेंढा शक्यतो नको, अनेक देशांच्या सीमेवर तो अडवतात. बाहेरून वर आणि निदान एका बाजूवर ‘जिवंत प्राणी’ किंवा ‘वन्य प्राणी’ हे शब्द किमान २.५ सेंटिमीटर उंच अक्षरांत, आणि वरची बाजू दाखवणारे बाण. मी तर चारही बाजूंना लावावेत असं म्हणेन, कारण कार्गोच्या शेडमध्ये पेटीची कुठली बाजू माणसाकडे येईल ते तुमच्या हातात नसतं.

आंतरराष्ट्रीय प्रवासात हवाई वाहतूक संघटनेचे, म्हणजे आयाटाचे जिवंत प्राण्यांसाठीचे नियम लागू होतात, आणि साइट्स, म्हणजे धोक्यातल्या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, तेच नियम बंधनकारक मानतो. अमेरिकेतल्या अमेरिकेत साइट्सचा कागद लागत नाही. तिथे लागतो तो राज्याचा बाहेर नेण्याचा परवाना, जिथे जायचं त्या राज्याचा आत घेण्याचा परवाना, पशुवैद्याचं तपासणी प्रमाणपत्र, आणि कातडीखालच्या मायक्रोचिपचा क्रमांक सगळ्या कागदांवर सारखाच. एक आकडा चुकला तरी शनिवारी दुपारी तिकडच्या विमानतळावर पिल्लू अडकतं आणि फोन उचलायला कुणी नसतं. म्हणून पिल्लांची उड्डाणं सोमवार ते बुधवार ठेवावीत.

कागदांना किती वेळ लागू शकतो याचं उदाहरण आपल्या हिमालयाकडचं आहे. २००५ च्या जुलैत गिलगिटजवळच्या नलतर खोऱ्यात एका गुराख्याला हिमबिबट्याचं काही आठवड्यांचं अनाथ पिल्लू सापडलं. त्याला पोसण्यासारखी सोय जवळपास नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये ते पोचलं २००६ च्या ऑगस्टमध्ये. हिमबिबट्या साइट्सच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात येतो, म्हणजे दोन्ही देशांचे परवाने, त्यात दोन सरकारांमधला करार. वर्षभरात पिल्लाचं जवळजवळ पूर्ण वाढीचं जनावर झालं. जी पेटी सुरुवातीला एक माणूस काखोटीला मारू शकला असता, तिला फोर्कलिफ्ट लागण्याची वेळ येते ती अशी. लिओ नावाच्या त्या हिमबिबट्याला पुढे २०१३ मध्ये तिथेच पिल्लू झालं.

खाण्यापिण्याचं गणित वेगळं. अस्वलिणीचं दूध घट्ट असतं, चरबी वीस टक्क्यांच्या पुढे, ध्रुवीय अस्वलात तीसच्या आसपास, आणि लॅक्टोज नगण्य. गाईचं दूध दिलं की जुलाब, आणि जुलाब झालेलं पिल्लू कुठलीही विमान कंपनी घेणार नाही, घेऊही नये. म्हणून कुत्र्याच्या पिल्लांसाठीची किंवा संग्रहालयांसाठी बनवलेली दूध-पावडर, वरून चरबी वाढवून. नवं दूध प्रवासाच्या आठवड्यात कधीही सुरू करायचं नाही. जिथे जाणार तिथलं दूध आधी विचारून इथेच लावायचं. शेवटची बाटली उड्डाणाच्या तीनेक तास आधी. भरल्या पोटी उलटी झाली तर ती श्वासनळीत जाण्याची भीती असते. दूध तुटलेल्या पिल्लाला आदल्या संध्याकाळी हलकं खाणं. नियमाप्रमाणे प्रवास सुरू होण्यापूर्वीच्या चार तासांत पाणी द्यायचं, पुढे किमान दर बारा तासांनी, आणि खाणं चोवीस तासांत एकदा. पेटीतलं भांडं मात्र पाण्याने भरून ठेवू नका, उड्डाण होताच ते भुशात सांडतं आणि पिल्लू ओल्यात बसून गारठतं. भांडं आदल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवायचं. बर्फ हळूहळू वितळतो, पिल्लू चाटत राहतं. सोबत सफरचंद आणि कलिंगडाच्या फोडी.

भुलीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. झोपवून का नेत नाही, असं प्रत्येक जण विचारतो. भूल दिलेल्या जनावराला शरीराचं तापमान राखता येत नाही, तोल सावरता येत नाही, मान वाकडी पडली तर श्वास अडतो, आणि होल्डमध्ये बघायला कुणी नसतं. आयाटाचे नियमही प्रवासात गुंगी नको असंच सांगतात. द्यायचीच झाली तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली. रक्त घेणं, चिप टोचणं, जंतांचं औषध यासाठी भूल लागतेच, पण ते काम आदल्या दिवशी उरकायचं. भुलीसाठी मेडेटोमिडीन हे औषध वापरलं असेल तर ॲटिपामेझोल या उताऱ्याने ती उतरवता येते. टेलॅझोल या दुसऱ्या औषधाची तशी पूर्ण उतारणी नाही, पिल्लू कित्येक तास लटपटत राहतं. यापेक्षा पेटीची सवय लावणं हजार पटींनी बरं. उड्डाणाच्या आधी दहा-बारा दिवस पेटी पिंजऱ्यात उघडी ठेवायची आणि खाणं तिथेच द्यायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लू आपणहून आत झोपतं. मग दार थोडा वेळ बंद, मग पेटी उचलून दोन पावलं, मग ट्रकच्या इंजिनाच्या आवाजात. याला पैसे लागत नाहीत, फक्त दिवस लागतात, आणि दिवस मागितले की नेमकी सगळ्यांची घाई सुरू होते.

दोन भावंडं असतील तर? लहान असताना एका पेटीत चालतात. जरा मोठी झाली की धक्का बसला की एकमेकांवर राग काढतात. मला दोन पेट्या, जाळीची बाजू समोरासमोर, हे सगळ्यात सुरक्षित वाटतं. वास येत राहतो, दात पोचत नाहीत.

उड्डाणाच्या दिवशी विमान कंपनी पिल्लू सुटण्याच्या वेळेआधी चार तासांहून लवकर ताब्यात घेत नाही. आधी ठरवलं असेल तर सहा. टर्मिनलवर तापमान ७.२ ते २९.५ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. अलास्काच्या पिल्लाला थंडी सोसते हे खरं, पण ७.२ च्या खाली ठेवायचं तर त्याला ते मानवतं असं पशुवैद्याने लिहून द्यावं लागतं. खरा धोका दुसऱ्या टोकाला असतो. सिट्काहून निघालेलं पिल्लू जुलैच्या दुपारी टेक्साससारख्या ठिकाणी उतरतं. म्हणून दक्षिणेकडची उड्डाणं रात्रीची घ्यायची आणि पहाटे उतरवायचं.

हवेत असताना फारसं काही बिघडत नाही. होल्डला प्रवाशांच्या केबिनइतकाच दाब असतो, अंधार असतो, इंजिनाची एकसुरी घरघर असते. बहुतेक पिल्लं झोपतात. बिघडतं ते जमिनीवर. विमान धावपट्टीच्या रांगेत तासभर उभं राहिलं की होल्डमधली हवा तापते. म्हणून पेटी सगळ्यात शेवटी चढवायची, सगळ्यात आधी उतरवायची. वैमानिकाला मिळणाऱ्या खास मालाच्या सूचनापत्रात ‘एव्हीआय’ या संकेताने जिवंत प्राण्याची नोंद आणि हवं ते तापमान असायलाच हवं, कारण होल्डचं हीटिंग कॉकपिटमधून चालतं. नोंद राहून गेली तर वैमानिकाला मागे प्राणी आहे हे कळणारच नाही. सोपवणाऱ्या माणसाने त्या कागदाचा फोटो मागून घ्यावा.

अलास्कात आणखी एक खास भानगड आहे: मासे. मे-जून हा पिल्लांचा हंगाम, तोच ताज्या सॅमनचाही. माशांबरोबर कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आला तर त्याचा न वितळता थेट वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे होल्डच्या तळाशी साचतो, आणि पिल्लाचं नाक तिथेच असतं. बुकिंग करतानाच विचारायचं: त्याच होल्डमध्ये कोरडा बर्फ आहे का, किती किलो? उत्तर ‘बघून सांगतो’ असं आलं तर उत्तर मिळेपर्यंत पेटी ट्रकमधून काढायची नाही.

आग्नेय अलास्कातली विमानं एसटीसारखी गावागावांत थांबत जातात. जूनो, सिट्का, केचिकन, मग सिएटल. धुकं असलं की वैमानिक एखादं गाव सोडून सरळ पुढे जातो. प्रवासी कुरकुरत दुसऱ्या विमानाने परत येतात. पिल्लाची पेटी मात्र ज्या गावात कुणी घ्यायला आलेलं नाही तिथे उतरू शकते. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर एका माणसाचा नंबर कागदावर लिहिलेला हवा, तो पेटीवरही चिकटवलेला हवा. सिएटलला विमान बदलायचं असेल तर तिथे संग्रहालयाचा माणूस किंवा ओळखीचा पशुवैद्य उभा पाहिजे, निव्वळ कंपनीच्या शेडच्या भरवशावर नाही.

ध्रुवीय अस्वलाचा कारभार राज्याकडे नसून केंद्राच्या मत्स्य व वन्यजीव सेवेकडे आहे. २०११ मध्ये उत्तर किनाऱ्याच्या तेलक्षेत्राजवळ आईपासून तुटलेली कानिक ही पिल्ली सापडली आणि यूपीएस या कुरिअर कंपनीच्या विमानाने लुइव्हिलच्या संग्रहालयात गेली. यूपीएसचं हवाई केंद्र लुइव्हिललाच असल्याने वाटेत विमान बदलण्याची कटकटच उरत नाही. संग्रहालय निवडताना हा मुद्दाही बघितला पाहिजे असं माझं मत आहे. २०१३ च्या मार्चमध्ये पॉइंट ले गावच्या शिकाऱ्याने मादी मारली आणि मग तिला पिल्लू असल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्याने ते अधिकाऱ्यांकडे सोपवलं. काली हे त्याचं नाव त्या गावाच्या, तिथल्या मूळ रहिवाशांच्या इनुपियाक भाषेतल्या नावावरून पडलं. पॉइंट लेला बाहेरून रस्ता नाही, म्हणून पहिल्या टप्प्यापासूनच विमान. अँकरेजला दोन महिने वाढवून मे महिन्यात त्याला बफेलोला नेलं, कारण तिथे ल्यूना नावाची त्याच्याच वयाची पिल्ली होती. २०१५ मध्ये तो सेंट लुइसला गेला.

वॉलरसच्या पिल्लाला एकटं पाठवताच येत नाही. ते आईजवळ दोन वर्षं राहतं, अंगाला अंग लागलं नाही तर दूध सोडतं. शिवाय चरबीमुळे पेटीत तापतं, बर्फ घालून गार ठेवावं लागतं. २०१२ मध्ये बॅरोजवळ सापडलेली मितिक आणि पाकाक ही दोन पिल्लं सेवर्डच्या अलास्का सीलाइफ सेंटरमध्ये वाढवून न्यूयॉर्क आणि इंडियानापोलिसला पाठवली. अशा वेळी माणूस सोबत बसू शकेल असं मालवाहू विमानच लागतं. मूस या थोराड हरणाचं वासरू तर त्याहून अवघड. घाबरून धडपडलं की स्नायूच खराब होतात आणि दोन-चार दिवसांनी ते मरतं. त्यात हरणांना झिजवून मारणाऱ्या ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या मेंदूरोगाच्या भीतीने अनेक राज्यं हरणकुळातलं जनावर आत घेतच नाहीत.

पोचल्यावर पेटीचं दार उघडून बाजूला व्हायचं. ओढायचं नाही, पेटी तिरकी करून ओतायचं तर मुळीच नाही. काही पिल्लं पाच मिनिटांत बाहेर येतात, काही दुसऱ्या सकाळी. मग साधारण तीस दिवस विलगीकरण, विष्ठेच्या तपासण्या. अस्वलांच्या आतड्यात बेलिसास्कॅरिस जातीचे गोलकृमी बऱ्याचदा सापडतात आणि त्यांची अंडी ब्लीचने मरत नाहीत, उष्णतेनेच मरतात. त्यामुळे धातूचा पिंजरा कडक वाफेने धुवूनच परत अँकरेजला पाठवायचा. प्लायवुडची पेटी असेल तर तिच्या फटी साफ होत नाहीत, ती जाळलेलीच बरी. भाडं देऊन परत मागवू नका.